कारमधील सबवूफर: पोर्टेड आणि सील्ड, दोन्ही बॉक्स काही महिने वापरल्यानंतर

हॅचबॅक गाडीत दहा इंची सबवूफर (सर्वात खालच्या स्वरांचा स्पीकर) आधी पोर्टेड, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्यासाठी पोर्ट नावाची नळी असलेल्या, आणि नंतर सील्ड, म्हणजे पूर्ण बंद बॉक्समध्ये बसवून, दोन्ही रचना मी काही महिने नियमित ऐकल्या. स्पीकर आणि अँप्लिफायर तेच होते आणि लो-पास फिल्टरही (ठरवलेल्या मर्यादेच्या वरचे स्वर अडवणारा) दोन्ही वेळा ८० हर्ट्झवरच होता, त्यामुळे ऐकू आलेला फरक बॉक्सचाच आहे असे मी खात्रीने सांगू शकतो. माझ्या गाडीत आता सील्ड बॉक्स कायम झाला आहे आणि त्याचे मुख्य कारण स्पीकरसोबत आलेल्या माहितीपत्रकातच होते.

बॉक्स निवडताना बहुतेक जण स्पीकरचे इंच आणि वॅट पाहतात. बॉक्सचा निर्णय मात्र थील आणि स्मॉल या दोन अभियंत्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आकड्यांवर होतो. माझ्या स्पीकरचा एफएस (बॉक्सशिवाय तो ज्या स्वराला नैसर्गिकपणे कंपतो ती वारंवारता) ३० हर्ट्झ, क्यूटीएस (कंपन किती आवरले जाते त्याचा एकूण आकडा) ०.५, क्यूईएस (त्यातील विद्युत भागाचा आकडा) ०.५६ आणि व्हीएएस (स्पीकरच्या लवचिकतेइतकीच लवचिक असलेल्या हवेचे घनफळ) ४० लिटर आहे. एफएसला क्यूईएसने भागल्यास सुमारे ५४ येतात. हा भागाकार ५० च्या आसपास किंवा त्याखाली असेल तर सील्ड आणि १०० च्या जवळ असेल तर पोर्टेड, असा ढोबळ संकेत आहे. त्यानंतर घनफळ ठरवायचे. व्हीएएसला बॉक्सच्या आतील घनफळाने भागून त्यात १ मिळवावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याला क्यूटीएसने गुणावे, उत्तर ०.७ च्या जवळ आले की बास सपाट, कुठेही फुगवटा न येता मिळतो. बॉक्स लहान करत गेल्यास हा आकडा वाढतो आणि १ च्या पुढे गेला की ठराविक स्वर घुमू लागतात. माझ्या स्पीकरला साधारण ४० लिटर हवे होते. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे: बाहेरून ४० × ४० × ३५ सेंटिमीटरचा बॉक्स ५६ लिटरचा दिसतो, परंतु १८ मिलिमीटर जाडीचा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) वापरल्यावर आत ४१.६ लिटरच उरतात, आणि त्यातूनही स्पीकरच्या मागच्या भागाने व्यापलेली जागा वजा करावी लागते. तयार बॉक्स घेणाऱ्यांनी म्हणूनच आतील घनफळ अवश्य विचारावे.

कागदावर पाहिले तर सील्ड बॉक्स दुबळा वाटतो, कारण त्याचा आवाज साधारण ४० हर्ट्झच्या खाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरत जातो. गाडीत मात्र चित्र बदलते. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास ७ मीटर, म्हणजे केबिनपेक्षा कितीतरी जास्त असते. अशा बंदिस्त जागेत खालच्या स्वरांचा दाब आपोआप वाढतो आणि ही वाढ त्या उताराची बरीचशी भरपाई करते. लहान हॅचबॅकमध्ये, जिथे डिकी आणि बसण्याची जागा एकच असते, हा लाभ स्पष्ट जाणवतो. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड आता अखंड ऐकू येते आणि बास गिटारचा प्रत्येक स्वर वेगळा कळतो. पोर्टेड बॉक्समध्ये याच जागी एक गोलसर, किंचित लांबलेला गुंजारव मिसळत असे.

तरीही पोर्टेड बॉक्सला कमी लेखणे अन्यायाचे होईल. ३३ हर्ट्झला ट्यून केलेला, म्हणजे त्या स्वराजवळ पोर्ट सर्वाधिक साथ देईल असा बनवलेला माझा पोर्टेड बॉक्स त्याच वॅटमध्ये निश्चितच मोठा वाजत असे आणि इलेक्ट्रॉनिक संगीतात त्याची धडक अजूनही आठवते. त्याची किंमत जागेत मोजावी लागते. डिकीत सामानाला फारसे काही उरत नव्हते. शिवाय ट्यूनिंगच्या खाली गेल्यावर स्पीकरच्या शंकूला (पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधार राहत नाही आणि तो मर्यादेबाहेर हलू शकतो, म्हणून अँप्लिफायरवर सबसॉनिक फिल्टर (अतिशय खालचे स्वर अडवणारा) असल्याशिवाय पोर्टेड बॉक्स बसवू नये, हे माझे ठाम मत आहे. पोर्ट अरुंद असेल तर मोठ्या आवाजात हवेचा फुसफुसाटही ऐकू येतो. बँडपास या तिसऱ्या प्रकारच्या बॉक्सचा विचार मी केला नाही, कारण त्याचा आवाज स्वरांच्या एका मर्यादित पट्ट्यातच जोरकस असतो आणि मी ऐकतो ते संगीत तेवढ्यात मावत नाही.

सील्ड बॉक्सचा सगळा भरवसा हवाबंदपणावर असतो. शंकू हाताने हलकेच, सर्व बाजूंनी सारखा दाबून सोडावा. तो सावकाश जागेवर आला तर सांधे घट्ट आहेत, लगेच उसळला तर हवा कुठून तरी निसटते आहे. एमडीएफ ओलावा शोषून फुगतो, त्यामुळे कापलेल्या कडांना रंग किंवा सीलर लावणे आवश्यक आहे. बॉक्स डिकीत नुसता ठेवू नये. स्पीकरसह त्याचे वजन भरपूर होते आणि जोरात ब्रेक लागल्यास तो मागच्या सीटवर आदळू शकतो. मी तो पट्ट्यांनी गाडीच्या मूळ हुकांना बांधला आहे, आणि पट्ट्या अशा निवडल्या आहेत की स्टेपनी काढण्याची वेळ आली तर बॉक्स अवजारांशिवाय बाजूला करता येतो.