लाल टोपी ओळखतं, बूड बघत नाही : अळंबी ओळखणाऱ्या अ‍ॅपबद्दल

फोटोवरून अळंबी ओळखणारं हे अ‍ॅप मी पैसे भरून घेतलंय, तेव्हा तक्रार करायचा हक्क आहेच. आधी चांगलं सांगते. उघडतं पटकन, जाहिरातींचा त्रास नाही, जंगलात रेंज नसली तर फोटो ठेवून घेतं आणि उत्तर नंतर देतं.

लालभडक टोपी, वर पांढरे ठिपके, असं फ्लाय अ‍ॅगॅरिक, म्हणजे एक विषारी अळंबी, समोर असलं की अ‍ॅप एकदम बरोबर. पण ते काय, शाळकरी पोरगंही ओळखेल! खरी परीक्षा जोरदार सर येऊन गेल्यावर. ते ठिपके म्हणजे कोवळ्या अळंबीला झाकणाऱ्या पांढऱ्या आवरणाचे उरलेले तुकडे. नुसते वर चिकटलेले असतात, पावसात धुऊन जातात. लाल रंगही उतरून नारिंगी, कधी पिवळट होतो. अशाच एका गुळगुळीत नारिंगी टोपीला अ‍ॅपनं ‘सीझर्स मशरूम’ ही खाण्याजोगी अळंबी ठरवलं आणि शेजारी चक्क काटा-चमच्याचं चिन्ह टाकलं. विषारी अळंबीला!

मी मातीत बोटं घालून ती बुडासकट उकरून काढली. टोपीखालची पाती पांढरी, दांडा पांढरा, त्यावर लोंबती झालर, आणि खाली फुगीर गड्ड्यावर खवल्यांची एकावर एक वलयं. सीझर्सची पाती आणि दांडा पिवळे असतात, बुडाशी सैल पांढरी पिशवी असते. म्हणजे गोंधळाला जागाच नव्हती. पण अ‍ॅप मागतं एकच फोटो, तोही वरून. खालचा फोटो मागत नाही, आजूबाजूला बर्च आहे की पाइन हेही विचारत नाही. फ्लाय अ‍ॅगॅरिक अशा झाडांच्या मुळांशी जोडूनच वाढतं, मग एवढं विचारायला काय हरकत होती?

लाल रसुला या दुसऱ्या अळंबीच्या बाबतीतही तोच प्रकार. तिला झालर नाही, गड्डा नाही, दांडा खडूसारखा कट्‌कन मोडतो. अ‍ॅपच्या लेखी मात्र ती ‘ठिपके गेलेलं फ्लाय अ‍ॅगॅरिक’.

फ्लाय अ‍ॅगॅरिकच्या माहितीच्या पानावर विष म्हणून ‘मस्करीन’ लिहिलंय. १८६९ मध्ये ते याच अळंबीतून वेगळं केलं गेलं, नावही तिच्यावरूनच पडलं. पण तिच्यात त्याचं प्रमाण अगदी नगण्य. खरा त्रास देतात आयबोटेनिक आम्ल आणि मस्किमॉल.

कंपनीला सगळं फोटोंसकट कळवलं. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार’ एवढंच ठरावीक उत्तर आलं, चिन्ह आहे तिथेच आहे. फोटो आणि तारखांची वही म्हणून अ‍ॅप ठेवणार आहे. एरवी तीन तारे दिले असते. काटा-चमचा काढेपर्यंत एकच.