आई-बाबांना घेऊन बसने समुद्रावर: स्कारबरो की ईस्टबोर्न?

आई-बाबा नाशिकहून इंग्लंडात लेस्टरला आमच्याकडे दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा त्यांना पाच दिवसांच्या बस-सहलीला नेलं, आधी ईशान्य किनाऱ्यावरच्या स्कारबरोला आणि नंतर दक्षिण किनाऱ्यावरच्या ईस्टबोर्नला. प्रवास दोन्हीकडे साधारण अर्ध्या दिवसाचा. जेवणाचंही सारखंच: आधी सांगून ठेवलं की शाकाहारी मिळतं, पण घरचं लोणचं बरोबर असू द्यावं.

नुसती ऐतिहासिक स्थळं मोजायची तर स्कारबरोचं पारडं जड आहे. दोन उपसागरांच्या मधल्या कड्यावर बाराव्या शतकातला किल्ला गावातच आहे. एक दिवस जवळच्या व्हिटबी या बंदराच्या गावी जातो. तिथला मठ सातव्या शतकात स्थापन झाला आणि ईस्टर कधी पाळायचा याचा निर्णय 664 साली तिथेच झाला. प्रसिद्ध दर्यावर्दी कॅप्टन कुक याच बंदरात जहाजाचं काम शिकला, त्याचं ‘एन्डेव्हर’ जहाजही इथेच बांधलेलं. मठाकडे जाणाऱ्या 199 पायऱ्या बाबा मोजत चढले आणि वर पोहोचल्यावर म्हणाले, “जेजुरीची आठवण झाली.” आई खाली बंदरावर बसून राहिली. पिकरिंगची वाफेची गाडी मात्र दोघांनाही आवडली. बाबा रेल्वेत होते. इंजिनाजवळून त्यांना हलवणं कठीण झालं.

मग अडलं कुठे? संध्याकाळी. दिवसभर बस दारात असते, पण पाचच्या सुमारास ती हॉटेलवर सोडते आणि थांबते. चालकाला कायद्यानेच विश्रांती द्यावी लागते. जेवण लवकर उरकतं आणि जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो. म्हणजे रोजचे तीन तास आपल्या पायांवर. स्कारबरोत हॉटेल वर आणि समुद्र खाली. कड्यावरून खाली नेणारी लिफ्ट आहे, पण तिच्यापासून आमच्या हॉटेलपर्यंतही चढच होता. पहिल्या संध्याकाळी परत येताना आई तीनदा थांबली. दुसऱ्या दिवशी “तुम्ही जाऊन या, मी खिडकीतून बघते” म्हणाली, आणि उरलेल्या संध्याकाळी तिने खिडकीतच काढल्या. समुद्रावर आणून तिला समुद्र काचेतून दाखवला, हे मला अजून लागतं.

ईस्टबोर्नला हॉटेलच्या दारातून रस्ता ओलांडला की सपाट फरसबंद किनारा. वाळू नाही, गोटे आहेत. नातवंडं बरोबर असतील तर हा तोटा खरा. पण आई रोज संध्याकाळी धक्क्यापासून निळ्या घुमटाच्या बँडस्टँडपर्यंत जायची, बाकावर बसायची आणि स्वतःच्या पायांनी परत यायची.

स्थळंही काही कमी नाहीत. बॅटल गावी, नॉर्मंडीच्या विल्यमने 1066 मध्ये इंग्लंड जिंकलं त्या लढाईच्या जागी, त्यानेच बांधवलेला मठ आहे आणि बोडियमचा खंदकातला किल्ला चित्रातल्यासारखा. मला सगळ्यात भिडला तो जवळच्या ब्रायटन शहरातला रॉयल पॅव्हिलियन हा राजवाडा. पहिल्या महायुद्धात, 1914 ते 1916, इथे जखमी हिंदी सैनिकांचं रुग्णालय होतं. त्यांच्या धर्म-जातींचे नियम सांभाळून आवारात नऊ स्वयंपाकघरं चालवली होती. वारलेल्या 53 हिंदू आणि शीख सैनिकांना शहराबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला, तिथे आता स्मारकाची छत्री आहे. पॅव्हिलियनच्या दक्षिणेच्या दाराशी, भारतीयांनी 1921 मध्ये भेट दिलेल्या कमानीखाली, बाबा बराच वेळ काही न बोलता उभे राहिले.

आई-बाबांचे गुडघे धड असतील आणि त्यांना इतिहासाची मनापासून ओढ असेल, तर स्कारबरो निवडाल तरी चूक होणार नाही. फक्त हॉटेल नेमकं कुठल्या उंचीवर आहे ते आधी विचारा. ईस्टबोर्न ठरवलंत तर समोरच्या रांगेतलंच हॉटेल मागा आणि पॅव्हिलियनचं तिकीट पॅकेजमध्ये आहे का ते बघा. आमच्यात नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये सासू-सासरे येणार आहेत. सासरे अजून गड चढतात. तरी मी ईस्टबोर्नच्याच तारखा बघतोय.