स्टॅक की व्हीआरआरपी: कॅम्पसचा गेटवे दोन स्विचवर नेताना

गेटवेला, म्हणजे नेटवर्कमधून बाहेर जायची वाट सांभाळणाऱ्या स्विचला, जोडीदार हवा, इथपर्यंत बहुतेकांचं ठरलेलं असतं. अडतं त्याच्या पुढे. दोन्ही स्विच स्टॅक करून, म्हणजे खास केबलने जोडून, एकच यंत्र करायचं, की दोघांना वेगळं ठेवून व्हीआरआरपी या प्रोटोकॉलने एका गेटवे पत्त्याची राखण वाटून द्यायची? रत्नागिरीजवळच्या आमच्या कॉलेजात मी दोन्ही चालवलं आहे. स्टॅकने तीन पावसाळे काढले, व्हीआरआरपीचा आता दुसरा चालू आहे.

स्टॅकची सोय खरोखर मोठी आहे. कॉन्फिग एक, लॉगिन एक. प्रत्येक इमारतीतून आलेले दोन फायबर दोन वेगळ्या स्विचमध्ये लावून एलएसीपीत, म्हणजे दोन दुव्यांचा एक करणाऱ्या पद्धतीत, बांधले की दोन्ही वापरात राहतात, जोडण्यांचं वर्तुळ टाळणाऱ्या स्पॅनिंग ट्रीला एक बंद ठेवावा लागत नाही. नेटवर्क बघणारा माणूस एकटाच असेल तर ही सोय सहज सोडू नये. फर्मवेअर अपडेटला मात्र बहुधा अख्खा स्टॅक एकदम रीस्टार्ट होतो. आम्ही ते रविवारी पहाटे उरकायचो, त्यामुळे त्याचं फारसं वाटलं नाही.

मला नकोसं झालं ते दुसऱ्याच गोष्टीने. किनाऱ्यावर जूनमध्ये वारा सुटला की लाईट जाते, आणि गेली की कधीकधी रात्रभर येत नाही. यूपीएस उतरतो, दोन्ही स्विच बंद पडतात. आमचे दोन स्विच दोन वेगळ्या यूपीएसवर होते आणि लाईट आल्यावर दोन्ही यूपीएस एकाच वेळी सुरू होत नसत. आधी उठलेला स्विच मास्टर, म्हणजे स्टॅक चालवणारा, होऊन बसायचा. दुसऱ्याला प्राधान्य जास्त दिलेलं असलं तरी तो उशिरा येऊन पहिल्याला हटवत नाही. मास्टर बदलला की गेटवेचा मॅक पत्ता, म्हणजे हार्डवेअरचा पत्ताही बदलतो. मॅक धरून ठेवण्याची सेटिंग आमच्या स्विचमध्ये होती, मी ती लावलीही होती. पण ती एक सदस्य गेला तर कामाची. सगळा स्टॅक बंद होऊन उठला की नव्या मास्टरचाच मॅक लागायचा.

लॅपटॉप आणि मोबाइल यातून लगेच सावरतात, कारण नवा मास्टर ग्रॅच्युइटस एआरपी, म्हणजे ‘या आयपीचा मॅक आता हा’ अशी न विचारता दिलेली सूचना, पाठवतो. आमच्या जुन्या कॅमेऱ्यांनी आणि हजेरीच्या यंत्रांनी ती कधी मनावर घेतली नाही. ही यंत्रं दुसऱ्या इमारतींत तिथल्या बॅटरीवर जागी असायची, आणि आयपी तोच असल्याने जुन्याच मॅककडे पॅकेट पाठवत बसायची. स्विचवर सगळे दिवे हिरवे, पिंग व्यवस्थित, आणि वसतिगृहाच्या फाटकावरचं रेकॉर्डिंग मध्यरात्रीपासून बंद. हे सकाळी कुणीतरी फोन करून सांगेपर्यंत कळायचं नाही. मग भर पावसात छत्री घेऊन एकेका इमारतीत जायचं. एका पावसाळ्यात हे इतक्यांदा झालं की तिथेच माझं मन फिरलं.

व्हीआरआरपीत हा प्रश्न मुळातच येत नाही. गेटवेचा मॅक आभासी असतो: ००-००-५ई-००-०१, आणि शेवटच्या जोडीत गटाचा क्रमांक. कुठलाही स्विच आधी उठो, कॅमेऱ्याला तोच मॅक दिसतो. मूळ वेळा ठेवल्या तर मास्टर दर सेकंदाला हाक देतो आणि ती थांबल्यावर साधारण साडेतीन सेकंदांत दुसरा जागा घेतो. चालू फोन कॉल क्षणभर अडखळतो, बाकी कुणाला कळतही नाही.

किंमत द्यावी लागते, ती कॉन्फिगची. सगळं दोनदा लिहायचं. मी एका नव्या व्हीलॅनला, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागाला, डीएचसीपी रिले (संगणकाची आयपी पत्त्याची मागणी सर्व्हरकडे पोचवणारी सेटिंग) एकाच स्विचवर दिला होता. ते समजलं तो स्विच बंद पडल्यावर, प्रयोगशाळेतल्या एकाही संगणकाला पत्ता मिळेना तेव्हा. शिवाय स्पॅनिंग ट्रीचा रूट, म्हणजे तिचा मूळ स्विच, आणि व्हीआरआरपीचा मास्टर एकाच स्विचवर ठेवा, नाहीतर वाहतूक उगाच दोघांमधल्या दुव्यावरून फिरते. फायरवॉलकडच्या पोर्टवर ट्रॅकिंग, म्हणजे तो दुवा पडला तर मास्टरपद सोडायला लावणारी नजर, लावा, कारण वरचा दुवा तुटल्याचं व्हीआरआरपीला आपोआप कळत नाही. एमएलएजी, म्हणजे दोन वेगळे स्विच एलएसीपीपुरते एक दाखवणारी सोय, घेतला तर दोन्हींतलं बरंचसं चांगलं मिळतं, पण आमच्या बजेटमधल्या स्विचमध्ये तो नव्हता.

बदल आम्ही गणपतीच्या सुट्टीत केला. कोकणात कॅम्पस इतका रिकामा दुसऱ्या कुठल्याच दिवसांत नसतो. गेटवेचा .१ वर संपणारा पत्ता हलवायचा नाही, एवढं पहिल्यापासून ठरलं होतं. प्रत्येक व्हीलॅनमध्ये नव्या दोन स्विचना .२ आणि .३ दिले, .१ हा आभासी पत्ता लिहून बंद ठेवला. मग एकेक व्हीलॅन घेतला: जुन्याकडचा इंटरफेस बंद, नव्यांकडचा आभासी पत्ता चालू. सुरुवात प्रिंटरच्या व्हीलॅनपासून केली, कार्यालय शेवटी. प्रत्येक वेळी चार-पाच पिंग हुकले. मॅक इथेही एकदा बदलणारच होता, म्हणून कॅमेऱ्यांच्या पोर्टची पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच जाणारी, वीज बसल्या जागेवरून बंद करून पुन्हा दिली. ते तेवढं एकदाच करावं लागलं.

तुमच्याकडे जनरेटर आपोआप सुरू होत असेल, कॅमेरे नवे असतील आणि हाताखाली कुणी नसेल, तर स्टॅक घेणाऱ्याला मी चुकीचं म्हणणार नाही. दिवे जाणाऱ्या गावात मात्र मी पुन्हा व्हीआरआरपीच घेईन. प्रीएम्प्टला, म्हणजे परत उठलेल्या जास्त प्राधान्याच्या स्विचने मास्टरपद परत घेण्याला, काही मिनिटांचा विलंब तेवढा द्या. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात परत उठलेला स्विच फायरवॉलचा दुवा तयार व्हायच्या आधीच मास्टर झाला होता. ट्रॅकिंग तेव्हा लावलेलं नव्हतं, आणि दोनेक मिनिटं इंटरनेट गेलं. आता विलंब पाच मिनिटांचा आहे. दुसरा स्विचही सर्व्हर रूममधून काढून ग्रंथालयाच्या पहिल्या मजल्यावर नेला आहे, फायबरने जोडून, वेगळ्या यूपीएसवर. आमच्या स्टॅकची केबल जेमतेम मीटरभर होती. तिच्यावर हे जमलं नसतं.