'प्लेसमेंट पक्की' म्हणणाऱ्याच्या करारातलं शेवटचं कलम

अमेरिकेतल्या कॉलेजात टेनिस स्कॉलरशिप मिळवून देतो असं सांगून होणारी फसवणूक क्वचितच खोट्या कागदाने सुरू होते. सुरुवातीला असतो अगदी खराखुरा करार. स्टॅम्प पेपर, सह्या, हप्ते, सगळं रीतसर. पहिला हप्ता 'प्रोफाइल'चा, दुसरा 'कोच कनेक्ट'चा. सगळ्यात शेवटी एक कलम असतं: मिळालेल्या एकूण स्कॉलरशिपचे अमुक टक्के. पालकांना ते वाचून उलट बरंच वाटतं. काम झालं तरच पैसे द्यायचे, म्हणजे माणूस जीव तोडून काम करणार.

नेमकं हेच कलम मुलाच्या मुळावर येतं. अमेरिकेतले कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएएच्या नियमानुसार खेळाडूची माहिती कॉलेजांना पाठवणाऱ्याला फी देता येते, पण ती फी स्कॉलरशिप मिळण्यावर अवलंबून असता कामा नये. ठरलेली रक्कम चालते, टक्केवारी चालत नाही. टक्केवारी दिली तर खेळाडूची पात्रताच धोक्यात येते. म्हणजे पैसे घेणारा आपलं काम चोख करतो, मुलगी विमानात बसते आणि तिकडे पात्रतेच्या प्रश्नावलीत 'तुमच्या वतीने कोणी काम केलं? त्याला पैसे कसे दिले?' या प्रश्नापाशी अडकते. तिथे खोटं लिहिलं तर प्रकरण आणखी चिघळतं.

आता पहिल्या दोन हप्त्यांत काय मिळतं ते पाहा. बहुतेक वेळा मुलाच्या नावाने काढलेला एक जीमेल पत्ता आणि शेकडो कोचना एकाच दिवशी गेलेलं एकच पत्र. पासवर्ड एजंटकडे. मजकुरात 'आपल्या प्रतिष्ठित संस्थेचा भाग व्हायला आवडेल'. असली पत्रं कोच रोज बघतो, आणि कॉलेजाचं नावसुद्धा नसलेलं पत्र तो दुसऱ्या ओळीपर्यंत वाचत नाही. त्याला विषयाच्या ओळीतच चार गोष्टी हव्या असतात: प्रवेशाचं वर्ष, यूटीआर (टेनिसपटूच्या पातळीचं जागतिक रेटिंग), देश, डावा की उजवा हात. आत बारावीपर्यंतचे गुण, पुढच्या दोन महिन्यांतल्या स्पर्धा आणि व्हिडिओची लिंक. व्हिडिओ पाच-सहा मिनिटांचा पुरे. कॅमेरा बेसलाइनच्या मागे, थोडा उंचावर, पूर्ण कोर्ट दिसेल असा, आणि पॉइंट न कापता. स्लो मोशन आणि पार्श्वसंगीत घालून बनवलेल्या 'हायलाइट रील'चे एजंट वेगळे पैसे लावतो, आणि कोचला त्यातून खेळ कळत नाही. यूटीआर तर तो स्वतःच उघडून बघतो. 8.9 चं 10 करून सांगितलेलं अर्ध्या मिनिटात उघडं पडतं, आणि नाव मात्र मुलाचं खराब होतं.

मग उत्तरं यायला लागतात, आणि एजंट ती 'इंटरेस्ट' म्हणून दाखवतो. त्यातली निम्मी कॅम्पची, म्हणजे कॉलेजच्या प्रशिक्षण शिबिरांची, आमंत्रणं असतात. डिव्हिजन वनच्या, म्हणजे एनसीएएच्या सगळ्यात वरच्या गटातल्या, कॉलेजांचे कॅम्प नियमानेच सर्वांना खुले ठेवावे लागतात. वय, इयत्ता, लिंग आणि जागांची संख्या एवढीच मर्यादा घालता येते. त्यामुळे आमंत्रण म्हणजे निवड नव्हे, बऱ्याचदा ती जाहिरात असते. 'हा फॉर्म भरा' असं उत्तरही स्वयंचलित असू शकतं. खरा रस ओळखायची खूण साधी: कोच नाव घेऊन लिहितो, एखाद्या विशिष्ट सामन्याबद्दल विचारतो आणि व्हिडिओ कॉलची वेळ मागतो. टेनिससह बऱ्याच खेळांत डिव्हिजन वनचा कोच दहावीनंतरच्या 15 जूनपासूनच असं बोलू शकतो (आपल्याकडे शाळा उघडायचा दिवस, लक्षात ठेवायला सोपा). त्याआधी नववीतल्या मुलाला 'डिव्हिजन वनच्या कोचने तोंडी ऑफर दिलीय' असं कोणी सांगत असेल तर ते बनावट आहे. मुलाने कोचला पत्र लिहायला मात्र कुठलीच तारीख आड येत नाही, आणि त्यासाठी मध्यस्थही लागत नाही. पत्र एजंटने लिहिलेलं असेल, तर व्हिडिओ कॉलवर कोच सहज विचारतो, 'तू पत्रात आमच्या इंजिनिअरिंगबद्दल लिहिलं होतंस...' आणि मुलगा आईकडे बघतो. तिथे खेळ संपतो.

ऑफरच्या कागदात सगळ्यात जास्त हातचलाखी चालते. कॉलेजं गुणांवर फीमध्ये घसघशीत सूट देतात. एजंट तीच सूट 'टेनिस स्कॉलरशिप' म्हणून दाखवतो आणि तिच्यावर टक्केवारी कापतो. ओळखायला कठीण नाही. डिव्हिजन थ्रीची (तिसऱ्या गटातली) कॉलेजं आणि आयव्ही लीगची (हार्वर्ड, येल वगैरे) आठ विद्यापीठं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, तेव्हा 'आयव्हीत टेनिस स्कॉलरशिप' हे शब्द उच्चारणारा एक तर अडाणी आहे किंवा चोर. मुलांच्या 'फुल राइड'ची, म्हणजे सगळा खर्च उचलणाऱ्या स्कॉलरशिपची, हमीही अशीच. 2024-25 पर्यंत डिव्हिजन वनमध्ये मुलांच्या अख्ख्या टेनिस संघाला मिळून साडेचार स्कॉलरशिपची मर्यादा होती, मुलींना आठ. जून 2025 मध्ये एनसीएएविरुद्धच्या खटल्यात कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, त्यात सामील झालेल्या कॉलेजांवर ही मर्यादा राहिली नाही. त्याऐवजी संघात दहाच खेळाडू ठेवायचे, असं बंधन आलं. दहाही जणांना पूर्ण पैसे देता येतात, याचा अर्थ कॉलेज ते देतंच असा नाही. आणि 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट'वर (खेळाडूने कॉलेज पक्कं केल्याच्या पत्रावर) सही करून घ्यायला जो आज येतो, त्याला हाकलून द्या. ते पत्र ऑक्टोबर 2024 मध्येच बंद झालं. आता सही होते ती कॉलेजाच्याच आर्थिक मदतीच्या करारावर.

कागद तपासायचा तर तीन ठिकाणी. पत्र 'डॉट ईडीयू'वरून आलं का, आणि तोच पत्ता कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या साइटवर त्या कोचच्या नावापुढे आहे का. दुसरं, त्याच साइटवर 'कम्प्लायन्स' (नियमपालन) कार्यालयाचा पत्ता असतो, तिथे थेट लिहून विचारा. तिसरं म्हणजे व्हिसासाठी कॉलेजकडून येणारा आय-20 हा फॉर्म. त्याच्या पहिल्याच पानावर खर्च आणि निधी असे दोन रकाने असतात. निधीच्या रकान्यात कॉलेज किती देतं तो आकडा छापलेला असतो. एजंटचा पीडीएफ 'शंभर टक्के' म्हणत असेल आणि आय-20 वर तुमच्या बँकेतले बत्तीस हजार डॉलर दाखवले असतील, तर खरं ते आय-20 चं.

शिक्षणाच्या बाजूने होणारं नुकसान पालकांच्या लक्षात फार उशिरा येतं. 'शाळा सोडा, सतरा नंबरचा फॉर्म भरा, दिवसभर प्रॅक्टिस करा' हा सल्ला सर्रास दिला जातो. एनसीएएला नववीपासूनची प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका लागते आणि इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र अशा मुख्य विषयांचे सोळा कोर्स मोजले जातात. मराठीतल्या कागदांना प्रमाणित भाषांतरही जोडावं लागतं. मधलं वर्ष कोरं राहिलं तर नंतर भरून काढणं अवघड. शिवाय डिव्हिजन वन टेनिसमध्ये शाळा संपल्यावर कॉलेजात दाखल व्हायला सहा महिन्यांचीच सवलत आहे. त्यानंतर स्पर्धा खेळत राहिलं तर कॉलेजकडून खेळायला मिळणारे सीझन कापले जातात आणि पहिलं वर्ष सामन्यांविना काढावं लागतं. 'या वर्षी नाही जमलं, एक वर्ष थांबू' असं एजंट म्हणतो, कारण थांबण्याचाही हप्ता असतो.

'संघाच्या निधीला देणगी द्या, जागा मिळेल' असं कोणी सुचवलं तर मात्र पालकच आरोपी होतात. 2019 मध्ये उघड झालेल्या अशाच अमेरिकन प्रवेश घोटाळ्यात रिक सिंगर नावाच्या सल्लागाराला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, जॉर्जटाउनचे माजी टेनिस कोच गॉर्डन अर्न्स्ट यांना अडीच वर्षांची, आणि अनेक पालकही तुरुंगात गेले.

पैसे गेले असतील तर आधी मुलाच्या नावाचा तो ईमेल पत्ता स्वतःच्या ताब्यात घ्या आणि पाठवलेली सगळी पत्रं उतरवून ठेवा. ज्या कोचचं खरं उत्तर आलं होतं त्याला मुलाने स्वतःच्या पत्त्यावरून, स्वतःच्या शब्दांत लिहावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. टक्केवारीचा करार झाला असेल तर टक्के देऊ नका, आणि पात्रतेच्या प्रश्नावलीत तो लपवू नका. ऑनलाइन भरलेल्या पैशांसाठी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येते. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे, आणि तिथे 'प्लेसमेंट पक्की' असं लिहिलेला व्हॉट्सॲप मेसेज करारापेक्षाही जास्त कामी येऊ शकतो. म्हणून तो चिडून डिलीट करू नका.