खात्यात दिसलेले एक लाख

पुण्यातल्या नऱ्ह्यात माझं सुतारकामाचं छोटं वर्कशॉप आहे. दोन कारागीर आणि मी. 2024 च्या दिवाळीनंतर माझे पंच्याऐंशी हजार रुपये आणि वर कापलेला माल असा फटका बसला. आपल्या धंद्यातल्या कुणावर हे येऊ नये म्हणून सगळं सांगतो.

पुनावळ्यातल्या नव्या सोसायटीत एकाने फ्लॅट दाखवला. दोन वॉर्डरोब, वर लॉफ्ट आणि टीव्ही युनिट, मिळून दोन लाख चाळीस हजारांचं काम. मापं मी स्वतः घेतली. माणूस बोलायला साधा, मला दादा म्हणायचा. शुक्रवारी, 8 नोव्हेंबरला, त्याने एक लाखाचा अ‍ॅडव्हान्सचा चेक स्वतःच माझ्या बँकेत भरला आणि स्लिपचा फोटो पाठवला. संध्याकाळी अ‍ॅपमध्ये एक लाख जमा दिसले. मी लगेच टिंबर मार्केटमधून 19 एमएमचा बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लाय उचलला आणि शनिवारी सकाळी आठ शीट कापून झाल्यासुद्धा.

शनिवारी रात्री त्याचा फोन आला, आवाज रडवेला. वडिलांना अटॅक आलाय, आयसीयूत आहेत, काम रद्द करावं लागतंय. "दादा, तुमचं नुकसान नको. कटिंगचे पंधरा हजार कापून घ्या, बाकीचे मेहुण्याच्या खात्यावर टाका, हॉस्पिटलचं बिल तिथूनच भरतोय." पंधरा हजार कापा म्हणाला, तिथेच माझा विश्वास बसला. फसवणारा माणूस आपलं नुकसान कशाला भरून देईल? माझे वडील असेच गेले होते. मी आयएमपीएसने पंच्याऐंशी हजार पाठवून दिले.

तो दुसरा शनिवार होता. बँक बंद, दुसऱ्या दिवशी रविवार. म्हणजे चेक क्लिअरिंगला जाणार होता सोमवारी. हे सगळं त्याने आधीच मोजलं होतं, असं मला आता वाटतं. सोमवारी संध्याकाळी चेक परत आला, कारण लिहिलेलं होतं: खातं बंद. फोनही बंद. अ‍ॅपमध्ये दिसत होती ती नुसती नोंद होती, चेक अजून वटायचा होता. त्याच स्क्रीनवर खाली 'उपलब्ध शिल्लक' वेगळी दिसत होती. ती मी पाहिलीच नाही.

त्याच रात्री 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे दोन दिवस आधीच काढून झाले होते. शनिवारी रात्रीच शंका आली असती, तर ती रक्कम कदाचित गोठवता आली असती. वकिलांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती बहुतेकांना माहीत नसते. चेक बाऊन्सचं कलम 138 चेक देणाऱ्यावर पैशाचं देणं आधीपासून असेल तर लागतं. ऑर्डरच्या अ‍ॅडव्हान्सचा चेक आणि ऑर्डर रद्द झालेली असेल, तर सुप्रीम कोर्टाचा 2014 चा निकाल आडवा येतो. म्हणून आम्ही पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली, भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली. पूर्वी ज्याला चारशेवीस म्हणायचे, तेच हे. तपास चालू आहे. ज्या खात्यावर पैसे गेले ते एका मजुराच्या नावावर निघालं, आणि त्या गरिबाला काहीच ठाऊक नव्हतं.

आता माझ्या कोटेशनवरच लिहिलेलं असतं: चेक वटल्याचं बँकेने सांगितल्याशिवाय प्लायला करवत लागणार नाही. काम रद्द झालं तर खरेदी आणि कटिंगचा झालेला खर्च बिलांसकट दाखवून वजा होईल. अ‍ॅडव्हान्स सरसकट जप्त करायचं मी लिहीत नाही. करार कायद्याच्या कलम 74 मध्ये वाजवी भरपाईच मिळते, आणि खऱ्या ग्राहकावर अन्यायही नको. उरलेले पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जातील, मेहुण्याच्या नाही, हॉस्पिटलच्या नाही. समोरचा कितीही घाई करत असला तरी.

गेल्या महिन्यात कोथरूडच्या एका काकूंना खरंच काम थांबवावं लागलं, घरात आजारपण होतं. मी त्यांना हा कागद दाखवला. त्या म्हणाल्या, "असंच करा, मला घाई नाही." चेक वटेपर्यंत तीन दिवस थांबल्या आणि त्यांचे पैसे त्यांच्याच खात्यात गेले.