कफ काढायला काय घ्यावं: बाटली, फ्लटर, ॲकापेला की व्हेस्ट?

मेडिकलमध्ये जाऊन मी "कफ काढायचं मशीन द्या" म्हणाले आणि दुकानदाराने तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं उपकरण पुढे ठेवलं. अण्णांनी ते दोन महिने मनापासून ओढलं. तिन्ही गोळ्या टोकाला जायच्या, छातीतली घुरघुर मात्र तशीच. पुढे फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलं की ते साधन श्वास आत ओढण्याचं आहे. ऑपरेशननंतर फुप्फुसाचा आकसलेला भाग फुलावा म्हणून ते देतात. साचलेला कफ वर आणायचा तर सगळं काम श्वास सोडताना व्हावं लागतं. तुम्ही दुकानात जाण्याआधी एवढा एक फरक डोक्यात पक्का करा, पुढची निवड बरीच सोपी होते.

अण्णांची तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात मागावर गेली. मधे टीबी झाला, औषधांचा कोर्स पूर्ण केला, टीबी गेला. पण फुप्फुसातल्या नळ्या जागोजागी रुंद आणि ढिल्या होऊन बसल्या. याला ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतात. २०१९ साली भारतातल्या २,१९५ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, त्यात तिघांमागे एकाहून जास्त जणांच्या दुखण्याचं मूळ टीबीच होतं. अशा नळ्यांतून कफ आपोआप वर सरकत नाही. तो साचतो, त्यात जंतू वाढतात, ताप येतो, अँटिबायोटिक्स सुरू होतात, आणि प्रत्येक फेरीत नळ्या आणखी खराब होतात. म्हणून रोजचा कफ रोज काढायचा. सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार; तो असलेल्यांनाही हे लागू आहे, पण ज्यांना रोज बेडका पडतो त्यांनाच. नुसता दम लागतो, कफ नाही, अशांनी यातलं काही विकत घ्यायची गरज नाही.

आता निवड. पहिला पर्याय बिनपैशांचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही: हफ. चष्मा पुसायला काचेवर "हा" करून वाफ धरतो ना, तसा तोंड उघडं ठेवून, पोट आत घेत सोडलेला लांब श्वास. आधी शांत श्वास, मग तीन-चार खोल श्वास, पुन्हा शांत श्वास, मग एक-दोन हफ. मध्यम श्वास घेऊन केलेला हफ खोलवरच्या बारीक नळ्यांतला कफ हलवतो, पूर्ण श्वास घेऊन केलेला हफ वरच्या मोठ्या नळ्यांतला बाहेर काढतो. अण्णा आधी खोकून खोकून लाल व्हायचे. जोराच्या खोकल्याने ढिल्या नळ्या मिटतात आणि कफ मागेच अडकतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. कुठलंही साधन घेतलं तरी शेवटी कफ तोंडात येतो तो हफनेच. हफ न शिकता महागडं साधन आणलं तर ते आठवड्याभरात कपाटात जातं.

हफ जमूनही कफ चिकटच राहत असेल तर साधनाकडे वळा. या साधनांचं तत्त्व एकच: श्वास सोडताना थोडा अडथळा. त्यामुळे नळ्या मिटत नाहीत आणि हवा बाजूच्या वाटांनी कफाच्या मागे शिरून त्याला पुढे ढकलते. सर्वांत साधी म्हणजे पाण्याची बाटली. रुंद नळी बाटलीत सोडायची, नळीच्या टोकावर १० सेंटीमीटर पाणी ठेवायचं आणि बुडबुडे काढत श्वास सोडायचा. नळी साधारण १० मिलिमीटर व्यासाची हवी. शीतपेयाच्या स्ट्रॉने दाब फार वाढतो. बाटलीचं तोंड उघडं ठेवायचं, श्वास नळीतून आत ओढायचा नाही, पाणी रोज बदलायचं. खर्च जवळजवळ नाहीच. गैरसोय एवढीच की ती प्रवासात नेता येत नाही आणि शिळं पाणी राहिलं तर तीच जंतूंचं घर होते.

खरा पेच पडतो तो फ्लटर आणि ॲकापेला यांच्यात. दोन्ही अडथळ्याबरोबर कंपनंही देतात. फ्लटर चिलमीसारखा दिसतो. आत शंकूच्या आकाराच्या जागेत पोलादी गोळी असते, श्वास सोडला की ती उसळते आणि छाती थरथरते. ती गोळी वजनावर चालते, म्हणून सारा खेळ कोनाचा. साधन जरा वर किंवा जरा खाली केलं की कंपनं बदलतात. मॅडमनी मला अण्णांच्या पाठीवर, बरगड्यांच्या खालच्या बाजूला तळहात ठेवायला सांगितला. अण्णा फुंकत होते, हाताला काहीच कळत नव्हतं. त्यांनी फ्लटरचं टोक बोटभर वर केलं आणि माझ्या तळहाताखाली माग सुरू झाल्यासारखी थरथर आली. तोच त्यांचा कोन. ज्याला ताठ बसता येतं, हात कापत नाही आणि असा कोन रोज सापडतो, त्याला फ्लटर छान. त्याचे भाग सुटे होतात, धुवायला सोपा. शिवाय याच रचनेची स्वस्त साधनंही मिळतात.

ॲकापेलामध्ये गोळीऐवजी लोहचुंबक आणि तरफ असते. त्यामुळे ती बसून, टेकून, कुशीवर झोपूनही चालते. ज्याच्या एका बाजूच्या फुप्फुसात कफ साचतो त्याला ती बाजू वर करून झोपून वापरता येते; फ्लटरने हे जमत नाही. अडथळा कमी-जास्त करायला चकती आहे. मूळ ॲकापेला दोन रंगांत येते: मिनिटाला १५ लिटरच्या वेगाने सलग तीन सेकंद श्वास सोडता येत असेल तर हिरवी, त्याहून अशक्त असेल तर निळी. हे रंग बघून ठरवायचं नसतं, तपासून ठरवायचं असतं. एक गोष्ट मात्र घेण्याआधी विचारा: ती उघडते का? जुनी हिरवी-निळी उघडत नाही. ॲकापेला चॉइस नावाची उघडते आणि उकळता येते. माझं मत सांगायचं तर वयस्कर आणि थकलेल्या माणसासाठी चॉइसच घ्या, काही हजार जास्त गेले तरी चालेल. एरोबिका हे त्याच वर्गातलं आणखी एक साधन. ते नेब्युलायझरला, म्हणजे औषधाची वाफ देणाऱ्या यंत्राला, जोडता येतं, म्हणून रोज वाफ घेणाऱ्याचा वेळ वाचतो.

धुण्यावर मी अडून बसते त्याला कारण आहे. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, बाकीचे दिवस पिंपातलं. त्या पाण्याने खंगाळून ओलंच डब्यात ठेवलेलं साधन म्हणजे जंतू थेट फुप्फुसात फुंकणं. आम्ही साबणाच्या कोमट पाण्याने धुतो, शेवटचं पाणी उकळून गार केलेलं वापरतो आणि सगळे भाग स्वच्छ कापडावर पूर्ण सुकू देतो. एकाचं साधन दुसऱ्याने वापरायचं नाही, नवरा-बायको असले तरी.

व्हेस्ट, म्हणजे छातीला जॅकेट घालून मशीनने हलवणं, लाखांच्या घरात जातं. ज्याला स्वतः फुंकणं शक्यच नाही त्याच्यासाठी त्याचा विचार करावा. बाकीच्यांनी कर्ज काढून घेऊ नये, असं मला कळकळीने वाटतं. कॅनडात सिस्टिक फायब्रोसिसच्या (जन्मजात आजार, यात कफ फार घट्ट होतो) रुग्णांवर वर्षभर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत व्हेस्टवाल्यांचं दुखणं साध्या पीईपी मास्कवाल्यांपेक्षा (श्वास सोडताना अडथळा देणारा मास्क) जास्त वेळा उसळलं. आणि छोट्या साधनांपैकी एखादं बाकीच्यांपेक्षा ठामपणे वरचढ असल्याचं सिद्ध झालेलं नाही. जे माणूस रोज सकाळ-संध्याकाळ वापरेल, तेच त्याच्यासाठी चांगलं.

वापरण्याचा क्रम असा: नळ्या मोकळ्या करणारा पंप आधी, सांगितली असेल तर नेब्युलायझरमधून मिठाच्या पाण्याची वाफ, मग साधन, आणि स्टेरॉइडचा पंप सगळ्यात शेवटी. सावकाश श्वास घ्या, दोन-तीन सेकंद धरा, गाल न फुगवता तीन-चार सेकंद सोडा. असे दहा श्वास, मग दोन-तीन हफ, आणि पुन्हा तेच, पंधरा-वीस मिनिटं. जेवल्या जेवल्या नको.

थुंकीत ताजं रक्त दिसलं, छातीत अचानक कळ येऊन दम वाढला, किंवा फुप्फुसाभोवती हवा भरल्याचं निदान आधी झालेलं असेल तर साधन बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. टीबी होऊन गेलेल्या माणसाचा बेडका वाढला, ताप आणि वजनात घट दिसली तर थुंकी पुन्हा तपासून घ्या. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ही तपासणी मोफत होते, त्यासाठी सिव्हिलला गेलं तरी पुरे.