ड्रमच्या जाळीचं कव्हर: जून ते नोव्हेंबर वापरून झाल्यावर

घोडबंदर रोडला राहतो, त्यामुळे पाणी साठवल्याशिवाय भागतच नाही, गॅलरीत २०० लिटरचा निळा ड्रम कायम भरलेला. गेल्या वर्षी धाकट्याला डेंग्यू झाला, ते आठ दिवस कसे काढले आमचं आम्हाला माहीत, म्हणून ह्या जूनमध्ये इलास्टिकवालं जाळीचं कव्हर मागवलं, १८० रुपये.

पहिले दोन आठवडे मी एकदम खूश. मग एका सकाळी पाणी काढायला गेले तर जाळीला आतल्या बाजूने सहा-सात डास चिकटून बसलेले, काळे, पायांवर पांढरे पट्टे. आतून! चूक माझीच होती, ड्रम नुसता विसळला आणि जाळी चढवली. ह्या डासाची मादी अंडी घालते ती पाण्याच्या जरा वर, ओल्या भिंतीला चिकटवून, आणि ती सुकली तरी महिनोन्‌महिने टिकतात, पाणी वर चढलं की त्यातून अळ्या निघतात, आणि पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत डास तयार. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "अगं काथ्याने घास, नुसतं पाणी फिरवून काय होतंय?" आणि मी म्हणाले, आई, जाळी आहे ना आता.

आता आठवड्यात ज्या दिवशी पाणी बंद असतं त्या दिवशी ड्रम तळाला गेलेला असतोच, तेव्हाच आतून काथ्या मारते, कडेला जिथे पाण्याची रेघ उमटते तिथे जास्त जोर लावून, आणि तळाचं पाणी कुंडीतल्या मातीत. बशीत नाही हं, बशीत ओतलं तर परत तेच.

जाळीबद्दल बोलायचं तर भोकं बारीक आहेत, डास जात नाही, हे खरं. पण मध्ये झोळ पडतो आणि ड्रम काठोकाठ भरला की जाळी पाण्याला टेकते, मग मादी वरूनच अंडी घालू शकते, त्यामुळे मी वरचं चार बोटं मोकळं ठेवते. दुसरं म्हणजे मगाने पाणी घेताना दर वेळी कव्हर काढा-घाला, आणि आमच्याकडे काढलेलं कव्हर परत लावणं हे फक्त माझंच काम असल्यासारखं सगळे वागतात. शेवटी ड्रमला खाली नळ बसवून घेतला. इलास्टिक ऑक्टोबरमध्येच सैल पडलं, पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबची पट्टी आणून बांधली, ती मात्र घट्ट बसली.

एवढं करूनही दुपारी पायाला चावायचेच. सोसायटीत धुराची फवारणी झाली, दोन दिवस बरं, मग जैसे थे, कारण धुराने उडणारे मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. मग पालिकेची बाई टॉर्च घेऊन आली, ड्रम बघून मान डोलावली, मी जरा फुशारले, आणि तिने सरळ फ्रिज पुढे ओढायला सांगितला. मागच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी, त्यात अळ्या वळवळतायत आणि स्वल्पविरामासारखे वाकडे कोष, म्हणजे दोनेक दिवसांत उडणारच होते. फ्रिज घेतल्यापासून तो ट्रे कधी काढलाच नव्हता, तो निघतो हेच माहीत नव्हतं.

पाचपैकी साडेतीन स्टार, अर्धा कमी त्या इलास्टिकसाठी. तरी दुसरं मागवलंय, ट्यूबची पट्टी आधीच कापून ठेवलीये.